वडिलांचे व्यसन आणि तापटपणा मुलाच्या रक्तात उतरतो का?

प्रश्न: घाटंजीकर शिक्षक

मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात शिक्षक आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाची सोयरीक नुकतीच मोडली. ज्या कारणाने ती मोडली, त्याविषयी जाणकारांचे मत मिळावे म्हणून हे लिहीत आहे. भाचा सत्तावीस वर्षांचा आहे, आयटीआय करून घरचे आठ एकर वावर पाहतो आणि दारूला शिवत नाही. त्याचे वडील मात्र आयुष्यभर प्यायले. ते अतिशय तापट होते आणि काही वर्षांपूर्वी यकृताच्या आजाराने वारले.

बैठकीत दोन्ही घरांनी आधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीची कार्डे समोर ठेवली. आमच्याकडे आता ही रीतच झाली आहे आणि ती चांगली आहे. मुलगी ‘एएस’, म्हणजे स्वतः आजारी नसलेली वाहक होती. भाच्याचे कार्ड ‘एए’, म्हणजे सदोष जनुक नसलेले, असल्यामुळे तेथे काही अडले नाही. चहापाणी झाल्यावर मुलीच्या आजोबांनी वडिलांचा विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, “रक्तातला आजार तुम्ही कागद पाहून मानता, तर रक्तातला स्वभाव का मानत नाही? खाण तशी माती. आज पोरगा पीत नसेल, पण बापाच्या वयाला आल्यावर काय, याची हमी कोण देणार?” बहिणीचे डोळे भरून आले आणि ती उठून आत गेली.

आजोबांचा प्रश्न मला उडवून लावण्यासारखा वाटत नाही. नातीची काळजी असणाऱ्या कोणाच्याही मनात तो येईल. म्हणून विचारतो: सिकलसेल जसा आईवडिलांकडून येतो, तसा स्वभाव आणि व्यसन येते का? येत असेल तर किती? आणि त्यावरून एका विशिष्ट मुलाविषयी काही ठरवता येते का?

उत्तर: निवृत्त प्राध्यापक (जीवशास्त्र), वर्धा

आजोबांनी दोन गोष्टी एका रांगेत ठेवल्या. त्या दोन्ही जनुकांशी संबंधित आहेत, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु त्या ज्या रीतीने एका पिढीतून दुसरीत जातात, त्या रीतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर या फरकातच मिळते.

सिकलसेल हा एकाच जनुकातील एका बदलाचा परिणाम आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते आणि एवढ्याने प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. एक पालक ‘एएस’ आणि दुसरा ‘एए’ असेल, तर अपत्य वाहक होण्याची शक्यता 50 टक्के असते, पण ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजारी, होण्याचा धोका नसतो. असे कार्ड देता येते, कारण येथे जनुक आणि परिणाम यांचा संबंध सरळ आहे. स्वभावाचे असे कार्ड जगातील कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही.

आता स्वभावाकडे येऊ. स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा आहे, याविषयी आज शास्त्रज्ञांत फारसा वाद उरलेला नाही. हे कळले मुख्यतः जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासातून. समरूप जुळ्यांची जनुके जवळजवळ पूर्णपणे सारखी असतात, तर भिन्न जुळ्यांत इतर सख्ख्या भावंडांप्रमाणे सरासरी निम्मे साम्य असते. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात. तरीही समरूप जुळी स्वभावाने एकमेकांच्या अधिक जवळची निघाली, तर त्या जादा साम्याचे श्रेय जनुकांकडे जाते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी 1979 मध्ये लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास सुरू केला. वेगळी वाढलेली समरूप जुळीही स्वभावाच्या चाचण्यांत एकत्र वाढलेल्या जुळ्यांइतकीच एकमेकांसारखी आढळली. 2015 मध्ये अशा पन्नास वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जुळ्यांच्या 1 कोटी 45 लाखांहून अधिक जोड्यांची माहिती होती (काही जोड्या एकाहून अधिक अभ्यासांत मोजल्या गेल्या होत्या) आणि सर्व गुणधर्मांची मिळून सरासरी आनुवंशिकता 49 टक्के निघाली. केवळ व्यक्तिमत्त्वाच्या गुणांचा विचार करणाऱ्या, त्याच वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात हा आकडा सुमारे 40 टक्के आहे. दारूच्या व्यसनासाठी तो 50 टक्क्यांच्या आसपास धरला जातो.

हे आकडे ऐकून आजोबा म्हणतील, “पाहा, मी सांगत होतो.” त्यांना डेन्मार्कमधील एका जुन्या अभ्यासाची माहिती जरूर द्यावी. डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये तो प्रसिद्ध केला. जन्मदात्या पालकाला दारूचे व्यसन होते, पण जन्मानंतर काही आठवड्यांतच दत्तक गेल्याने जे त्या घरात वाढले नाहीत, असे 55 तरुण त्यांनी तपासले. त्यांपैकी 10 जण, म्हणजे 18 टक्के, व्यसनी झाले होते. ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन नव्हते, अशा 78 दत्तक तरुणांत हे प्रमाण 5 टक्के होते. नमुना लहान आहे, पण पुढील मोठ्या अभ्यासांनीही हीच दिशा दाखवली. जोखीम जवळपास चौपट दिसते आणि ती नाकारू नये. परंतु त्याच आकड्यांत हेही आहे की व्यसनी पालकांच्या पोटी जन्मलेल्या त्या 55 पैकी 45 जण व्यसनी झाले नव्हते.

मग वारसा नेमका कशाचा मिळतो? एका जनुकाचा तर नक्कीच नाही. व्यक्तिमत्त्वावर परिणाम करणारी जनुकीय स्थाने हजारोंच्या संख्येत आहेत आणि त्यांतील एकेका स्थानाचा परिणाम बहुधा एक दशांश टक्क्याहूनही कमी असतो. अपत्याला वडिलांकडून त्यांच्या जनुकसंचाचा अर्धाच भाग मिळतो, तोही प्रत्येक अपत्याला वेगळा, आणि उरलेला अर्धा आईकडून येतो. आपल्या भाच्याविषयी बोलताना त्या बैठकीत आपल्या बहिणीचा विचार कोणी केलेला दिसत नाही, याचे मला वाईट वाटले.

उत्तर: कृषी पदवीधर, अकोट

प्राध्यापक महोदयांनी ‘आनुवंशिकता 40 टक्के’ असे लिहिले आहे. या आकड्याचा अर्थ बहुतेक लोक असा घेतात की एका माणसाच्या स्वभावाचे 40 भाग जनुकांनी घडवले आणि 60 भाग घराने. तो अर्थ चुकीचा आहे. आम्हाला पीक पैदास शिकवताना हा मुद्दा पुन्हा पुन्हा समजावला गेला आणि तो कास्तकाराच्या घरात चटकन पटेल असा आहे.

पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, एक वावर डोळ्यांसमोर आणा. संकरित बियाण्याची एकाच वाणाची पाकिटे आणून पेरणी केली आहे. पहिल्या पिढीचे संकरित बियाणे असल्यामुळे सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखी आहेत. तरीही धुऱ्याकडच्या बरड पट्ट्यात झाड गुडघ्याच्या वर जात नाही आणि नाल्याकडच्या काळ्या, खोल मातीत तेच झाड छातीला लागते. या वावरातील झाडांच्या उंचीत जो फरक आहे, तो सगळा माती आणि ओलाव्यामुळे आहे, म्हणून येथे उंचीची आनुवंशिकता जवळजवळ शून्य मोजली जाईल. याचा अर्थ पऱ्हाटीची उंची जनुकांवर अवलंबून नाही, असा कोणी घेणार नाही. आता याच्या उलट करा. निरनिराळ्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणांचे घरचे मिसळलेले बी एकाच सपाट, सारख्या मातीच्या तुकड्यात लावा आणि पाणी व खत सारखे द्या. आता झाडांतील फरक बियाण्यामुळेच पडणार, म्हणून तेथे आनुवंशिकता अगदी वर जाईल. पीक तेच, जनुकांचे काम तेच, पण आकडा एकदा शून्याजवळ आला आणि एकदा शंभराजवळ गेला.

थोडक्यात, आनुवंशिकतेचा आकडा एखाद्या गटातील फरकांविषयी बोलतो आणि तोही त्या गटाच्या त्या वेळच्या परिस्थितीपुरता. एका झाडाकडे बोट दाखवून त्याची किती उंची बियाण्याची आणि किती मातीची, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. मुलाच्या बाबतीतही येत नाही. आणखी एक बाब येथे नोंदवतो, कारण तिचा फार गैरवापर झाला आहे. बरड तुकड्यातील पीक आणि काळ्या मातीतील पीक यांच्या सरासरीतला फरक पूर्णपणे मातीचा असू शकतो, मग प्रत्येक तुकड्याच्या आत आनुवंशिकता कितीही जास्त असो. रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये हाच मुद्दा बियाण्याच्या उदाहरणाने मांडला होता. एका समाजाची दुसऱ्या समाजाशी तुलना करून “त्यांचे रक्तच तसे” असे म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

प्रश्नकर्ता: घाटंजीकर शिक्षक

दोघांचाही आभारी आहे. आता एक उपप्रश्न. गुडविन यांच्या अभ्यासातील मुले दत्तक गेली होती. माझा भाचा मात्र त्याच घरात वाढला. वडिलांचे ओरडणे, भांडी फेकणे, आईला मारणे हे सर्व त्याने पाहिले. मग जनुके आणि घर अशी दुहेरी जोखीम त्याच्यावर आहे, असे मानावे का?

उत्तर: निवृत्त प्राध्यापक (जीवशास्त्र), वर्धा

या ठिकाणी संशोधनाने सर्वांनाच चकित केले. एकाच घरात वाढल्यामुळे भावंडे स्वभावाने एकमेकांसारखी होतात, ही आपली पक्की समजूत आहे. परंतु प्रौढ वयातील व्यक्तिमत्त्वाच्या मोजमापांत एकत्र वाढण्याचा हा सामाईक परिणाम फारच थोडा आढळतो. दत्तक घेतलेली दोन परकी मुले एकाच घरात लहानाची मोठी होतात आणि तरीही मोठेपणी त्यांचे स्वभाव, वाटेवरच्या कोणत्याही दोन माणसांत असावे, तितकेच वेगळे दिसतात. एरिक टर्कहायमर यांनी 2000 मध्ये वर्तन-आनुवंशिकीचे जे तीन नियम मांडले, त्यांतील दुसऱ्या नियमाचा आशय असा की एकाच कुटुंबात वाढण्याचा परिणाम जनुकांच्या परिणामापेक्षा लहान असतो. तिसऱ्याचा आशय असा की फरकांचा मोठा भाग ना जनुकांनी समजतो, ना घराने. एकाच घरातील एक भाऊ वडिलांना पाहून पिऊ लागतो आणि दुसरा वडिलांना पाहूनच दारूला हात लावत नाही, हे आपण गावोगावी पाहतोच. घराचा परिणाम दोघांवरही झालेला असतो, पण त्यांना एकमेकांसारखे करणारा होत नाही. सामाईक परिणाम थोडा आहे, याचा अर्थ घरातील मारहाणीने मुलाचे काही बिघडत नाही असा मुळीच नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

दोन अटी मात्र सांगायला हव्यात. दारूची सुरुवात केव्हा होते, यावर कोवळ्या वयात घर आणि सोबत यांचा प्रभाव बराच असतो. पुढे व्यसन जडते की नाही, यात वय वाढेल तसा जनुकांचा वाटा वाढतो. दुसरी अट अशी की हे बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांत झाले आहेत. टर्कहायमर यांनीच 2003 मध्ये अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास करून दाखवले की गरीब कुटुंबांत बुद्ध्यंकातील फरकांमागे जनुकांचा वाटा जवळजवळ दिसत नाही आणि घराचा वाटा मोठा दिसतो, तर सुखवस्तू कुटुंबांत चित्र नेमके उलट असते. युरोपातील अभ्यासांत हा फरक तसा आढळला नाही, पण आपल्या कोरडवाहू भागाविषयी बोलताना तेथील टक्केवारी जशीच्या तशी उचलू नये, एवढा धडा त्यातून निश्चित घ्यावा.

उत्तर: कुरखेड्याहून एक कार्यकर्ती

मी गडचिरोली जिल्ह्यात गावातील महिला संघटनेसोबत दारूबंदीचे काम करते. आमच्या जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. मोहाची दारू तरीही गाळली जाते, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. परंतु ज्या गावातील बायकांनी भट्ट्या बंद पाडल्या आणि त्या बंद ठेवल्या, त्या गावात आणि शेजारच्या उघड्या गावात काय फरक असतो, हे मी जवळून पाहते. संध्याकाळी सहानंतर चौकातून एकटी मुलगी जाते की नाही, एवढ्यावरून तो कळतो. दोन्ही गावांत तीच आडनावे आहेत, तेच नातेवाईक आहेत आणि आपल्या भाषेत सांगायचे तर रक्तही तेच आहे.

म्हणून जनुकांच्या चर्चेत मला नेहमी एक गोष्ट जोडावीशी वाटते. जी वस्तू हाताला लागतच नाही, तिच्याविषयीची उपजत ओढ उघड होण्याला वावच मिळत नाही. स्वीडनमधील जुळ्यांच्या तंबाखूसेवनावर 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसते. 1925 पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांत तंबाखूच्या सवयीत जनुकांचा वाटा जवळजवळ आढळला नाही, कारण त्या काळी बाईने तंबाखू ओढणे समाजाला चालतच नव्हते. 1940 नंतर जन्मलेल्या स्त्रियांवर ते बंधन उरले नाही आणि त्यांच्यात जनुकांचा वाटा पुरुषांइतका वाढला. या काळात जनुके बदलली नव्हती. फिनलंडमधील किशोरवयीन जुळ्यांच्या अभ्यासातही दारू पिण्यामागे जनुकांचा वाटा शहरात अधिक आणि खेड्यात कमी दिसला, तर खेड्यात सामाईक वातावरणाचा वाटा अधिक होता. याचा एक अर्थ असा लावला जातो की जेथे सर्वांची सर्वांवर नजर असते, तेथे ज्याची जशी उपजत वृत्ती तसे त्याला वागता येत नाही.

गुरुजी, आपला भाचा कोणत्या गावात राहतो, त्याचे मित्र कोण आहेत आणि कापूस विकून पैसा हाती आल्यावर तो कोणाबरोबर बसतो, हे पाहणे मला आजोबांच्या जागी अधिक महत्त्वाचे वाटले असते. आणि आपल्या बहिणीने त्या घरात राहून मुलाला निर्व्यसनी वाढवले, याचा उल्लेख पुढच्या बैठकीत आधी व्हायला हवा.

उत्तर: एक वकील, अमरावती

‘रक्तातला स्वभाव’ ही कल्पना कायद्यात उतरली तेव्हा काय झाले, याची आठवण येथे करून देणे मला आवश्यक वाटते. इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. गुन्हा जणू वंशपरंपरेने चालणारा धंदा आहे, असे त्याच्या मुळाशी गृहीत होते. पुढे देशाच्या निरनिराळ्या भागांत या कायद्याखाली अनेक जमाती नोंदवल्या गेल्या आणि त्यांत पारधी समाजही होता. मूल त्या जमातीत जन्मले, एवढ्यावरच त्याच्यावर संशयाचा शिक्का बसला. हजेरी लावल्याशिवाय गाव सोडण्याची मुभा नव्हती. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. आमच्या जिल्ह्यातील पारधी बेड्यांवरची (वस्त्यांवरची) मुले आजही चोरीची तक्रार आली की आधी चौकीत नेली जातात. हे मी वकिलीच्या कामात पाहतो आणि त्याची मला चीड येते.

शास्त्र याविषयी काय सांगते? सारनॉफ मेडनिक आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये डेन्मार्कमधील 14,427 दत्तक व्यक्तींच्या न्यायालयीन नोंदी तपासल्या. जन्मदाते किंवा दत्तक पालक यांपैकी कोणालाही शिक्षा झालेली नव्हती, अशा मुलग्यांपैकी 13.5 टक्के दोषी ठरले होते. केवळ जन्मदात्या पालकाला शिक्षा झालेली असेल, तर हे प्रमाण 20 टक्के होते. शिवाय हा संबंध चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला, मारहाणीच्या गुन्ह्यांत दिसला नाही. म्हणजे ज्यांच्या जन्मदात्यांवर गुन्हा शाबीत झाला, त्यांतील पाचपैकी चार मुलगे कधीही दोषी ठरले नाहीत. साडेसहा टक्क्यांच्या फरकावरून कोणा एकाचा निवाडा कोणतेही न्यायालय करणार नाही, मग सोयरिकीच्या बैठकीत तो का व्हावा?

प्रश्न: एक पालक, पुसद

याच विषयाला लागून विचारते. मुलांच्या दहा बोटांचे ठसे घेऊन जन्मजात स्वभाव, बुद्धी आणि योग्य करिअर सांगणारे लोक आमच्याकडे एका शाळेत आले होते. फी काही हजारांत आहे. तसेच थुंकीच्या नमुन्यावरून जनुकीय चाचणी करून स्वभाव सांगतो, अशाही जाहिराती मोबाईलवर येतात. यांत तथ्य आहे का?

उत्तर: निवृत्त प्राध्यापक (जीवशास्त्र), वर्धा

बोटांच्या ठशांविषयी प्रथम सांगतो. ठशांच्या रेषा गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या महिन्यांत तयार होतात आणि त्यांच्या घडणीत जनुकांचा वाटा आहे, एवढे खरे आहे. पण त्या रेषांवरून मुलाचा स्वभाव किंवा बुद्धी ओळखता येते, याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. ताई, ते पैसे मुलाच्या पुस्तकांवर खर्च करा.

जनुकीय चाचणीच्या मागे निदान खरे शास्त्र आहे, पण विकणारे त्यातून जे काढून दाखवतात, ते त्या शास्त्रात नाही. 1993 मध्ये हान ब्रुनर यांनी नेदरलँड्समधील एका कुटुंबात ‘एमएओए’ या जनुकात बिघाड असलेले पुरुष नोंदवले. त्यांच्यात बौद्धिक दुर्बलता आणि संतापाचे झटके आढळले. तो अत्यंत विरळ बिघाड होता, पण पुढे याच जनुकासाठी वृत्तपत्रांनी ‘लढवय्या जनुक’ असा शब्द रूढ केला. 1996 मध्ये सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी संबंधित एका जनुकाचा चिंतातुर स्वभावाशी संबंध जाहीर झाला आणि त्यावर वर्षानुवर्षे शेकडो शोधनिबंध निघाले. 2019 मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर, नैराश्याशी जोडल्या गेलेल्या अशा अठरा प्रसिद्ध जनुकांची तपासणी झाली, तेव्हा ती सहज उचललेल्या इतर जनुकांपेक्षा वरचढ ठरली नाहीत. दारूच्या बाबतीत एक खरा अपवाद आहे. चीन, जपान आणि कोरियात अनेकांमध्ये ‘एएलडीएच2’ या जनुकाचे असे रूप असते की थोड्या दारूनेही चेहरा लाल होतो व मळमळते, आणि त्यामुळे व्यसनापासून त्यांचा बराचसा बचाव होतो. तो अपवाद संरक्षण देणारा आहे, शिक्का मारणारा नाही.

हजारो स्थानांची बेरीज करून एक गुणांक काढण्याची पद्धत आज आहे. शिक्षणाची वर्षे या बाबतीत, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे 30 लाख लोकांच्या अभ्यासातून काढलेला गुणांक लोकांमधील फरकाचा 12 ते 16 टक्के भाग सांगू शकतो. तो अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेला आहे आणि इतर लोकसमूहांत त्याची अचूकता बरीच घसरते. स्वभावाचे गुणांक तर याहूनही दुबळे आहेत. पुसदच्या एखाद्या मुलाविषयी त्यावरून भाकीत करणे हे अज्ञान आहे किंवा फसवणूक आहे.

घाटंजीच्या गुरुजींना अखेरीस एक व्यावहारिक माहिती देतो. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणात, जे पंधरा वर्षांच्या आत पिऊ लागले, त्यांच्यापैकी सुमारे 40 टक्के आयुष्यात केव्हातरी व्यसनाधीन झाले होते, तर विशी ओलांडल्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे पूर्ण वेगळे करता येत नाही, कारण लवकर सुरुवात करण्यातही जनुकांचा हात असू शकतो. तरीही सत्तावीस वर्षांपर्यंत, तेही त्या घरात राहून, ज्याने दारूला हात लावला नाही, त्याची जोखीम वडिलांच्या इतिहासावरून वाटते तितकी मोठी राहिलेली नसावी. वडिलांचा इतिहास भाच्याने स्वतः मात्र विसरू नये. ज्याच्या घरात व्यसन होते, त्याने ‘कधीमधी थोडी’ घेण्याचा प्रयोगही टाळावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. आजोबा पुन्हा भेटण्यास तयार असतील, तर मुलाला बाजूला बसवून मोठ्यांनीच बोलत राहण्यापेक्षा त्याला स्वतःला बोलू द्यावे आणि मुलीलाही त्याला प्रश्न विचारू द्यावेत.